तिसऱ्या प्लगची वायर

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी पुन्हा कुठंतरी आडोसा शोधीन. माझे सासरे वारले त्या दिवशी आमची गाडी बिघडली होती आणि मी दिवसभर ती दुरुस्त करत होतो, असं आमच्या घरात आणि सासरच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं निम्मंच खरं आहे. गाडी दुपारीच दुरुस्त झाली होती. मी ती माझ्या हातानं पुन्हा बिघडवली आणि उन्हं उतरेपर्यंत दुरुस्तीचं सोंग करत बसलो. बायको सगळा वेळ माझ्याजवळ होती. तिला हे अजून माहीत नाही.

मी तेव्हा कळंबला दूध संघात सुपरवायझर होतो. साल दुष्काळाचं. गावोगावच्या सोसायट्यांचे कॅन अर्धेमुर्धे यायचे. जनावरं छावणीत, माणसं रोजगार हमीच्या खडीवर. आणि असल्या साली मी लातूरच्या एका डॉक्टरकडून जुनी फियाट घेतली. गरज होती असं तेव्हा सगळ्यांना सांगायचो. गरज काही नव्हती. संघाची जीप होती, एसटी होती. मोटारवाला म्हणवून घ्यायचं होतं, एवढंच. दुरुस्तीचं वेड मात्र खरं होतं. संघाच्या टँकरवर काम करणाऱ्या मिस्त्रीच्या मागं उभं राहून मी पुष्कळ शिकलो होतो, आणि घरच्या गाडीला दुसऱ्याचा हात लावू द्यायचो नाही.

सासरे माकणीचे. विहिरी बांधणारे गवंडी. विहीर खणून झाली की आतलं दगडी बांधकाम ते करायचे. त्या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी त्यांच्या हातच्या. त्या साली बहुतेक कोरड्या पडल्या, तर म्हणायचे, "बरं झालं, आता तरी लोकांना आतलं काम निवांत बघाया मिळंल." माणूस असा. बोलणं तिरकं, पण मनात काही ठेवून बोललेलं नसायचं. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, बायकोही आबाच म्हणायची.

त्या साली अधिक महिना आला. अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, मान करतात. आम्ही नव्या गाडीतून गेलो. श्रावण असून आभाळ कोरडं, रस्ता तापलेला, आणि गाडी वाटेत दोनदा तापली. दारात उतरलो. सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढं आल्या, आणि मी पहिलं काय बोललो असेन तर, "एक बादली पाणी द्या आधी, गाडीत टाकायचंय."

समोरच्या रस्त्यावर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली होती. बायका रांगेतून माझ्याकडं बघत होत्या. सासूबाईंनी बादली आणून दिली. मी ती रेडिएटरमध्ये ओतली. थोडं बाहेर सांडलं, ते मातीनं लगेच पिऊन टाकलं.

जेवायला बसलो. पंगतीत भावकीतली माणसं होती. आबा स्वतः तूप वाढत होते. माझ्या ताटाशी आले आणि म्हणाले, "जावईबापू, जनावराला छावणी हाय, मान्साला टँकर हाय. मोटारीची सोय तेवढी सरकारनं केल्याली न्हाय बगा. फुडल्या खेपेला तिची बादली तिच्याच गळ्यात बांधून आना."

पंगत हसली. मेहुण्याला तर ठसका लागला. बायकोसुद्धा आतून पदर तोंडाला लावून हसली. आबांनी त्याच हातानं माझ्या धोंड्यावर चांगलं दोन पळ्या तूप घातलं आणि पुढच्या ताटाकडं सरकले. त्यांच्या लेखी विषय संपला.

माझ्या लेखी संपला नाही. ते बरोबर बोलले होते, म्हणूनच संपला नाही. मी रुसलो. पण रुसलोय हे कुणाला कळू दिलं नाही. उघड भांडणारा माणूस असतो तर एखाद्या दिवसात निवळलंही असतं. माझं तसं नाही. मी आत ठेवतो. त्या घराची पायरी चढायची नाही असं मनाशी ठरवलं आणि वर हसतखेळत वागत राहिलो. दिवाळीला बोलावणं आलं, संघात ऑडिट आहे म्हणालो आणि बायकोला एसटीत बसवून दिलं. पुढं मेहुण्याच्या पोराचं जावळ होतं, तेव्हा छावणीची मीटिंग काढली. बायकोला शंकाही आली नाही. "ह्येंच्यामागं लई काम हाय," असं ती माहेरी सांगायची.

चैत्र उजाडला. गाडी काही दिवसांपासून मिस मारत होती. सुट्टीचा दिवस बघून मी तिला अंगणातल्या लिंबाखाली घेतलं, बोनेट वर केलं, आणि पोतं अंथरून हत्यारं मांडत होतो, तेवढ्यात बायकोचा चुलतभाऊ स्टँडवरून चालत आला. अंगावर धूळ, हातात पिशवीसुद्धा नाही.

"दाजी, आबांला बरं न्हाय," तो म्हणाला.

"काय झालंय?"

"तसं काय न्हाय. जेवण जाईना, जरा दम लागतोय. डाक्टरनं गोळ्या दिल्यात. ताईला अन् दाजीला घेऊन ये म्हनले."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "आबा कवा कुणाला बोलवत न्हाईत." एवढंच म्हणाली आणि आत वळली. लुगडी पिशवीत कोंबल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

"ताई, आत्ताची एसटी गावंल, चल माझ्यासंगट," भाऊ म्हणाला.

तिनं पायात चपला सरकवल्यासुद्धा. मी म्हणालो, "एसटीनं धाराशिवला उतरा, मग लोहाऱ्याची बघा, मग पुढं माकणी. या उन्हात कशाला? थांब. गाडी आत्ता होईल, दोघं बरोबर जाऊ. तुझ्याआधी पोचू."

हे बोललो तेव्हा ते खोटं नव्हतं. निदान गाडीपुरतं तरी नव्हतं. भाऊ तांब्याभर पाणी प्यायला आणि "दाजी, लवकर निघा बरं का," म्हणून एकटा स्टँडकडं गेला. बायकोनं चपला काढून ठेवल्या.

गाडीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. इंजिनात चार सिलेंडर असतात. चौघांनी मिळून दगड उचलावा आणि एकानं नुसता हात लावून उभं राहावं, तसं मिस मारणं असतं. गाडी चालते, पण थरथरते, चढाला दम टाकते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. चौघांतला कोण काम करत नाही ते आधी शोधायचं. त्याची साधी रीत म्हणजे इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघायची. काम करणाऱ्याची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. आधीच बसलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही.

यासाठी गाडीत कुणीतरी बसावं लागतं. बायको बसली. ॲक्सिलरेटर कुठला हे मी तिला दाखवलं.

"रेस दे," मी म्हणालो.

"किती?"

"चुलीत फुंकर घालतीस तेवढी."

कोरड्या फडक्यात धरून मी पहिल्या प्लगची वायर काढली. इंजिन गडगडलं. लावली. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, काही नाही. लावली, काढली, काही नाही.

"सापडला!" मी ओरडलो. "तिसरा."

"काय झालंय त्याला?"

"रुसलाय."

"मग समजूत काढा की. अन् लवकर काढा."

तिसरा प्लग खोलला. काळा आणि पेट्रोलनं ओला. म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत नव्हती. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा दुसऱ्याला लावून पाहिला. तरी तिसराच गप्प. म्हणजे दोष प्लगचा नव्हता. मग वायर धरून मागं मागं गेलो. ती जिथून निघते त्या, चारही प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत तिचं टोक ढिलं बसलं होतं, आणि बाहेर काढलं तर पितळेवर हिरवा गंज चढलेला. पॉलिश पेपरनं घासलं, स्क्रू ड्रायव्हरनं टोक जरासं फाकवलं आणि घट्ट दाबून बसवलं.

"मार चावी."

इंजिन सुरू झालं आणि लोण्यासारखं चालायला लागलं. फटफट थांबली. मडगार्डवर ठेवलेला पाना इतका वेळ खडखडत होता, तोही गप्प झाला.

बायको आतून म्हणाली, "अवो, झाली की! आता बरोबर वाजतीय."

तिनं दार उघडल्याचं ऐकू आलं. पिशवी आणायलाच निघाली असणार. नेमक्या त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. आबांना बरं नाही हे मला खरं वाटलं नव्हतं. आधी दिवाळी झाली, मग जावळ झालं, आता ही तिसरी युक्ती, असं मी धरून चाललो होतो. आणि हाक आली की जावयानं लगेच धावायचं नसतं, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. आमच्याकडं जेवणाला जावई यायचा असेल तर पंगत खोळंबून राहायची. थोरली माणसं वेशीपर्यंत जाऊन बघून यायची. तो उशिरा यायचा, आणि उशिरा आला म्हणून त्याचा मान वाढायचा. मला वाटलं, बघू दे वाट. बादली गळ्यात बांधायला सांगत होते, आता रस्त्याकडं डोळे लावून बसू दे जरा. दिवेलागणीला पोचू. सगळे दारात येतील. आबा काहीतरी तिरकं बोलतील, मी हसून घेईन, आणि फिट्टंफाट.

वाईट असं मला काहीच करायचं नव्हतं. फक्त अर्धा दिवस त्यांना ताटकळत ठेवायचं होतं.

"थांब," मी म्हणालो. "उतरू नकोस. परत रेस दे."

वर उचललेलं बोनेट आमच्या दोघांच्या मधे होतं. फडक्यात धरून मी ती वायर टोपीतून नखभर वर ओढली. इंजिन पुन्हा थरथरायला लागलं. पाना खडखडायला लागला.

"नाही गं," मी म्हणालो. "अजून मिस मारतंय."

तिनं रेस सोडली. मग म्हणाली, "मला वाटलं, झाली."

मग मी कार्बोरेटर काढला. त्याला काही झालं नव्हतं. त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकाची तोंडं, फुंकले, पेट्रोलनं धुतले, पोत्यावर ओळीनं मांडले, पुन्हा बसवले, पुन्हा काढले. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासले, घासायची गरज नसताना. जिथं बिघाडच नाही तिथं तो शोधायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मला घालवायचाच होता. बायको मधूनमधून सीटवर जाऊन बसायची, मी सांगितलं की चावी मारायची, इंजिन थरथरलं की माझ्या तोंडाकडं बघायची. एकदा तिनं विचारलं, "दुपारची एसटी हाय का हो कुठली?"

"आता कुठली?" मी म्हणालो. "आणि हे काय, झालंच."

दुपारची एसटी होती. मला ठाऊक होती.

ती चहा घेऊन आली. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. माठातल्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या तिनं पुढं केला, "धुवा, कप कसा धरचाल?" मी म्हणालो, "राहू दे, प्यायचं पाणी कशाला वाया घालवतीस?" तिला ते फार भिडलं. माणूस किती जाणतं आहे असं तिला वाटलं असणार. मला हात तसेच राहायला हवे होते. माकणीला पोचल्यावर ते दिसायला हवे होते. हे सुद्धा आजच लिहितो आहे.

उन्हं कलली तेव्हा मी वायर दाबून बसवली आणि म्हणालो, "झाली." तिनं गाडीला हात जोडले.

गाडी त्या दिवशी पळाली तशी पुन्हा कधी पळाली नाही. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग होते, काम सुटून घराकडं निघालेल्या बायका टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून चालल्या होत्या. धाराशिव मागं पडल्यावर बायको जरा सैल झाली. म्हणाली, "आबांला सांगते, तुमी हसत व्हता ना, त्याच मोटारीनं आनलं बगा मला." मी मान हलवली. पोचल्यावर काय बोलायचं त्याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

माकणीत शिरलो तेव्हा दिवे लागत होते. घरासमोर माणसं बसलेली दिसली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, खाली बघत. गाडी पाहून कुणी उठलं नाही. बायको गाडी थांबायच्या आत उतरली. मी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलो. इंजिन बंद करायचं भान राहिलं नाही. ते चारही सिलेंडरवर छान चालू होतं. शेवटी कुणीतरी येऊन म्हणालं, "दाजी, बंद करा आता."

आबा दुपार टळल्यावर गेले होते. त्या वेळी आमची गाडी लिंबाखाली उभी होती आणि मी एक चांगला जेट फुंकत होतो.

लेकीला तोंड दिसावं म्हणून त्यांना ठेवलं होतं. आंघोळ मात्र आधीच घातली होती. पाणी नव्हतंच, तर आळीतल्या प्रत्येक घरानं एकेक तांब्या आणून दिला होता, असं नंतर कळलं. बायकोला पाहिल्यावर लगेच उचललं. मी खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी विचारलं नसताना बोलत होत्या. "सकाळधरनं मान उचलून उचलून ऐकत व्हते. रस्त्यानं जीप गेली तरी म्हनायचे, बगा, मोटार वाजली का. म्या म्हनलं, येतील, निजा. तर म्हनले, ती एसटीनं न्हाय यायची, जावई आनतील मोटारीतनं. मी जागा राहतो."

बायको त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. ती उठली, माझ्याजवळ आली, माझा हात धरून आईच्या पुढं केला. "आई, ह्येंनी लई खटपट केली गं. सकाळपासनं गाडीलाच व्हते. एक घास खाल्ला न्हाय. हात बग ह्येंचे."

सासूबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. नखांत काळं होतं. त्यांनी तो हात कपाळाला लावला. मी ओढून घेतला नाही. तोंड उघडायची ती वेळ होती. मी गप्प राहिलो, आणि एकदा गप्प राहिल्यावर पुढं गप्प राहणं सोपं जातं.

तेराव्यानंतर मी चुलतभावाला बाजूला घेऊन विचारलं, "आबा माझ्याबद्दल काही म्हणाले का रे? त्या जेवणाचं, बादलीचं?"

तो गोंधळला. "कंची बादली?"

"काही नाही," मी म्हणालो.

म्हणजे ते तिथंच, त्या पंगतीत संपलेलं होतं. उरलं होतं ते फक्त माझ्यात.

गाडी मी पुढच्या दिवाळीआधी विकली. बायकोला वाटलं, दुःखापोटी विकली. सासूबाईही आता नाहीत. मुलांची लग्नं झाली. घरात सून आली, तेव्हा बायकोनं तिला ही हकीकत सांगितली. मी आतल्या खोलीत होतो, ऐकत होतो. "माझा बाप काय माझ्या नशिबी नव्हता," ती सांगत होती, "पर ह्या मान्सानं त्या दिवशी जिवाचं रान केलं." सुनेनं मला त्या दिवसापासून वाकून नमस्कार करायला सुरुवात केली. असं कितीदा झालं असेल. लग्नात, बारशात, आजारपणात, कुठंही विषय निघाला की बायको सांगते, आणि मी पाणी प्यायला उठतो.

एकदा बोलायच्या बेतात होतो. तिचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी होती, मी उशाशी बसलो होतो. तिला माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर आला असावा. म्हणालो, "त्या दिवशी ती गाडी..." तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. "अजून तेच घेऊन बसलाव व्हय? तुमचा काय दोष त्यात? यंत्र हाय, बिघडतंय." मी पुढचं वाक्य गिळलं. सुटलो, असंही वाटलं, हेही लिहून ठेवतो.

माणसं म्हणतील, दुपारी निघाला असता तरी आबा जगले नसते. नसतेच जगले. पण ती पोचली असती. ते ज्या आवाजासाठी मान उचलत होते तो आवाज त्यांना ऐकू आला असता. तिनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं असतं. आणि गाडी झाली असं तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आलेलं असताना, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिनं आपले कान खोटे ठरवले. ते सुद्धा मी तिच्याकडून घेतलं.

हे मी आधी कागदावर लिहिलं, कारण कागद माझ्याकडं बघत नाही. छापून आलं तर सून वाचील, कुणीतरी बायकोला वाचून दाखवील, त्याआधी मला बोलायला हवं. एक वाक्य मी तिला देणं लागतो: गाडी दुपारीच झाली होती आणि ती मी पुन्हा बिघडवली. ते तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडं बघत, मी अजून सांगितलेलं नाही.